पापणीला लॅटिनमध्ये काय म्हणतात

चामराजपेट, बंगळूर
१२ जुलै १९९४

ती. यशोवर्धन अण्णास शि. सा. न. वि. वि.

रामनगरच्या खडकांवर मला सापडलेलं झुडूप खरंच नवं निघालं! आजवर कोणीच नोंदवलेलं नाही. पण नव्या झाडाचं वर्णन लॅटिनमध्ये छापल्याशिवाय मान्य होत नाही. माझं सगळं साध्या इंग्रजीत आहे: चिकट, लवदार, मासळीसारखा वास. विलायतेतल्या तज्ज्ञाकडे पाठवू, वर्ष लागेल, असं आमचे गाईड म्हणतात. तेवढ्यात मद्रासचा एक गट हेच झाड छापेल. जो आधी छापेल त्यानं दिलेलं नाव टिकतं. म्हणून मीच लॅटिन शिकायला लागलेय. आप्पांना फक्त माझं लग्न दिसतंय. तू त्यांना स्वल्प, जरासं समजाव.

रागावलास तरी माया कमी करू नकोस.
तुझी, हर्षिता

हुबळी
२० जुलै १९९४

चि. हर्षितास अनेक आशीर्वाद.

कन्नड व्याकरणाला रडणारी मुलगी लॅटिन शिकणार म्हणून तुझी वहिनी अजून हसतेय. आप्पांना फोन केला. जी भाषा कोणाच्याच घरात बोलत नाहीत ती शिकून पोरगी बोलणार कोणाशी, असं त्यांनी विचारलं. पण वर्षभर स्थळं बघणार नाहीत. आता मागे फिरू नकोस. वेळेवर जेवत जा.

आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.
यशोवर्धन

चामराजपेट, बंगळूर
९ मार्च १९९५

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

अण्णा, छापून आलं! मद्रासच्या आधी! माझ्या लॅटिनमधलं एक अक्षरही संपादकांनी बदललं नाही.

मला शिकवणारे म्हातारे फादर इग्नेशियस जन्मभर लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत आलेले. मासळीचा वास त्यांनी त्या भाषेत कधी लिहिलाच नव्हता. चिकट म्हणजे विस्कोसुस, हे लगेच सांगितलं. पण पानाच्या कडेची लव काही केल्या जमेना. शेवटी मी झुडूपच त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा काढून पान डोळ्यांशी नेलं, आणि स्वतःच्या पापणीला बोट लावून ओरडले, सिलियुम! पापणी! झाडाचं नावही मग त्यावरूनच ठेवलं, सिलियाता.

नाव देणाऱ्याचं आडनाव झाडाच्या नावापुढे कायमचं लागतं. आप्पांनी आपलं आडनाव तिथे छापलेलं कितीदा तरी वाचलं. मग हळूच विचारलं, लग्नानंतर हे बदलावं लागेल का? मी म्हटलं, कधीच नाही. सरी, बरं तर, म्हणाले, आणि चप्पल घालून गल्लीभर सांगायला निघाले.

वहिनींना सांग, आता हसू नका, पेढे पाठवा.
तुमच्या मायेची हक्कदार,
हर्षिता