साठ सुरांचा बाजा

अण्णा, अक्रोडाच्या लाकडाच्या दोन षट्कोनी बाजू, बकरीच्या कातड्याचा सात घड्यांचा भाता, तीस बटणं आणि साठ सूर, हे सगळं मी माझ्या हातांनी केलं, इथे सौदीत, दम्माममध्ये, फ्लॅटच्या बाल्कनीत बसून. सुरांच्या पट्ट्या तुमच्या पेटीसारख्या पितळेच्या नव्हेत, पोलादाच्या. घड्याळाच्या स्प्रिंगा कापून केलेल्या. या बाजाला कॉन्सर्टिना म्हणतात. दोन हातांत धरायची इंग्रजी पेटीच म्हणा, फक्त एकाच बटणातून भाता दाबताना एक स्वर येतो आणि ओढताना दुसरा.

तुम्ही गावभरच्या पेट्या दुरुस्त करायचात आणि मला, पोटच्या पोराला, कानशीला हात लावू द्यायचा नाहीत. एकदा मी एक सूर लावून दाखवला, तर गिऱ्हाइकासमोर म्हणालात, "याने केलेली पेटी फुकट दिली तरी कोणी न्यायचा नाही." मग मी हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करायला शिकलो, तेही कोणी न शिकवता.

आमच्या हॉस्पिटलातला इंग्रज फिजिओथेरपिस्ट आजीकडून ऐकलेली गाणी गातो, मेंढपाळांची, खलाशांची. पण नव्या तऱ्हेने. लॅपटॉपवर एकच स्वर अखंड धरतो, वर ठेका सोडतो. मी म्हटलं, "याला आमच्याकडे तंबोरा म्हणतात." खूप हसला. गेल्या शुक्रवारी त्याच्या कंपाउंडमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या वसाहतीत, तो माझा बाजा वाजवत गाणार होता. दुपारी आम्ही बाजाचा सूर लॅपटॉपच्या सुराशी लावून पाहिला, तर मध्ये बारीक लाट येत होती. "यल्ला, चालेल. कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. "मला," म्हटलं, आणि बाजा उघडला. पट्टी टोकाला घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. तुमच्या पाठीमागे उभा राहून पाहिलेलं. मुळाशी दोनदा कानस फिरवली. लाट गेली.

संध्याकाळी तो गातोय, मी मागच्या खुर्चीवर. तिसऱ्या कडव्याला त्याने लॅपटॉप बंदच केला. उरला त्याचा आवाज आणि माझे सूर. लॉनवरची माणसं चहाचे कप हातात तसेच धरून बसलेली. अण्णा, एक सूर हलला नाही.

हे पत्र बाजाच्या खोक्यातच राहणार, तुम्ही गेल्यावर पाठवू कुठे? गाणं संपल्यावर तो बाजा विकत मागायला आला. आकडा मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आला होता, तरी त्याला पुन्हा सांगायला लावला. वाटलं, तुमच्याही कानावर जावा. बारा हजार रियाल. मग नाही म्हटलं.