नर्सिंग शाळेच्या भिंतीवरचं हृदय

ती. भाऊजींना,

साष्टांग नमस्कार. आपली आणि ताईची तब्येत ठणठणीत असेल, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची ये-जा असेल आणि आपला राग ताब्यात असेल, असं धरून चालतो. पत्राला खास कारण काही नाही. टिकली माझ्याकडे मजेत आहे, वेळेवर जेवते, अभ्यास करते. (एका जरी विषयात नापास झाली तर नर्सिंग बंद आणि सरळ दुकानात बसायचं, ही आपली अट तिच्याही लक्षात आहे आणि माझ्याही. लेकीला निरोप देताना आपण ती तीनदा सांगितली होती.)

माझं म्हणाल तर सध्या शोभा झाली आहे. टिकलीच्याच शाळेत जिन्याजवळच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं हृदय रंगवायचं काम मला मिळालं. पाट्या रंगवण्यात तीस वर्षं गेली, पण हृदय कधी काढलं नव्हतं. मोठ्या बाईंनी छापील तक्ता दिला आणि बाकीचं टिकलीने जेवता जेवता समजावलं. मुठीएवढी वस्तू, चार कप्पे. वरचे दोन रक्त घेणारे, खालचे दोन ढकलणारे. उजवी बाजू वापरलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते, तिथून ते ताजं होऊन डावीकडे येतं आणि मग अंगभर जातं. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सगळ्यांत जाड, कारण पार पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायची जबाबदारी त्याची. मधे झडपा असतात, रक्ताला मागे फिरू न देणाऱ्या. छातीत धडधडतं तो या झडपा मिटल्याचा आवाज. (आपल्या घरची दारं आपटतात तसाच, फक्त आत कोणी रागावलेलं नसतं.)

तर तक्ता उघडून पाहतो तो काय, डाव्या हाताला 'उजवा' लिहिलेलं आणि उजव्या हाताला 'डावा'. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या कागदावरची चूक गुपचूप दुरुस्त करायची असते, बोभाटा करायचा नसतो. अशी कितीतरी दुकानदारांची अब्रू मी वाचवली आहे, तशीच मोठ्या बाईंचीही वाचवली. चित्र जसंच्या तसं ठेवलं, अक्षरांची अदलाबदल केली आणि खाली झोकदार सही ठोकली. दोन महिने कोणी हूं की चूं केलं नाही. येणारा-जाणारा लाल रंगाचं कौतुक करायचा. (कौतुक करणारे लोक वाचत नाहीत, हा माझा तीस वर्षांचा अनुभव.)

गेल्या आठवड्यात बाहेरून परीक्षक बाई आल्या आणि त्यांनी वाचलं. मोठ्या बाईंनी मला बोलावलं, समोर रखवालदाराला उभं केलं आणि त्याला डावा हात वर करायला सांगितला. तो नेमका माझ्या उजव्या बाजूला वर झाला. चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, हे मला या वयात कळलं. आता सगळं नीट करून दिलं आहे, काळजी नसावी.

ताईला नमस्कार.

आपला,
मेहुणा

ता. क. टिकली एका विषयात राहिली. शरीररचनेच्या तोंडी परीक्षेत. लगेच दुकानात खुर्ची मांडू नका, पुढचं वाचा.

आणखी ता. क. परीक्षा त्या भिंतीसमोरच झाली. मी शिडीवर चढून वरच्या कोपऱ्यातले पोपडे खरवडत होतो. परीक्षक बाईंनी जाड भिंतीच्या कप्प्यावर छडी टेकवून विचारलं, हा कोणता? टिकलीने एकदा वर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "उजवा." तिथेच मार्क गेले. मला वाटलं, पोरगी भिंतीवरची माझीच अक्षरं वाचून फसली. संध्याकाळी तिची वही उघडली तर पहिल्याच पानावर अचूक आकृती. माझी चूक तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. वर्गातल्या कोणा पोरीला ती सांगू दिली नाही आणि मलाही बोलली नाही.

फेरपरीक्षेच्या अर्जावर वडिलांची सही लागते. अर्ज सोबत जोडला आहे. अट पाळायचीच असेल तर दुकानात मी येऊन बसतो, कारण नापास मी झालो आहे. तिला विचारलं, बाई गं, माहीत असून चुकीचं का सांगितलंस? तर म्हणाली, "मामा, खाली सगळ्या पोरी उभ्या होत्या आणि तू वर शिडीवर होतास."