कायद्यात नसलेली भाकरी

आबा,

तुम्ही मला अक्षर शिकवलं नाहीत, म्हणून हे मी बोलतेय आणि तुमची पणती लिहून घेतेय. "पोरीला अक्षर कशाला? कुणाला पत्रं लिहिणार आहे ती?" असं तुम्ही ओसरीवर चारचौघांत म्हणाला होता आणि सगळे हसले होते. घ्या, तुम्हालाच लिहितेय. मला लिहिता येत नाही, तुम्हाला आता वाचता येत नाही. फिट्टंफाट झाली.

मी जर्मनीत असते, नातीकडे. गावाचं नाव ब्राउनश्वाइग. तुमच्या मिशीतून ते कसं बाहेर पडलं असतं ते ऐकायला मला आवडलं असतं. नात इथल्या विद्यापीठात डॉक्टर होतेय. औषध देणारी नव्हे, जुने कायदे वाचणारी. परवा तिला प्रबंध सोपवायचाय, इथं त्याला आब्गाबे म्हणतात. सकाळपासून आब्गाबे, आब्गाबे करत घरभर फिरते आणि उभ्यानं टोस्ट खाते.

दोन दिवसांमागं मी विचारलं, एवढं काय लिहिलंयस बाई? म्हणाली, "आजी, इंग्रजांचा कायदा होता, कालवा फुटला की आसपासच्या गावच्या माणसांना कामावर यावंच लागायचं. नाही म्हणायची सोय नाही. आणि कुणी मारामारी करून नदीपलीकडे संस्थानात पळाला, तर त्याला परत मागवायचा दुसरा कायदा होताच."

मी म्हटलं, "मी पाहिलाय तो दुसरा कायदा. आमच्या ओसरीवर पटका बांधून बसायचा."

ती हसली. मी गंमतच करते असं तिला वाटतं. मग तिनं मला पहिलं पान वाचून दाखवलं. प्रबंध तिनं तुम्हाला अर्पण केलाय, आबा. 'माझ्या पणजोबांना, जे सरकार आणि गाव यांच्या मध्ये उभे राहिले.' हे तिला माझ्या भाच्यांनी सांगितलंय. लग्नकार्यात जमले की तुमच्या पाटीलकीची आरती ओवाळतात. मध्ये उभे होता हे खरंच आहे. दारात उभे होता. मी पाहिलंय.

मी तेव्हा परकर नेसायला लागले होते. दुपारची वेळ, आई चुलीपुढे, आणि मागच्या दारानं मामा आत येतो. गुडघ्यापर्यंत ओला, नदी उतरून आलेला. पलीकडे इंग्रजांच्या हद्दीत त्याचं गाव. कालवा फुटला होता आणि त्याची ज्वारी कापणीला आलेली. कालव्याचा कारकून बोलवायला आला, मामा म्हणाला उद्या येतो. कारकुनानं मानगूट धरली, तर मामानं फावड्याचा दांडा घातला त्याच्या डोक्यात. जोरात घातला असणार. मामा कुठलीच गोष्ट हळू करत नसे. आणि मग बहिणीच्या घरी आला. आपला मेव्हणा पोलीस पाटील आहे, इथं संस्थान आहे, इंग्रजांचा हात इथवर पोचत नाही, असं त्याला वाटलं. भोळा होता. तुम्ही त्याला कायम अडाणी म्हणायचात, ते मात्र बरोबर निघालं.

तुम्ही आलात, त्याच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "बस. आधी जेव." बाहेर जाऊन जागल्याशी, गावच्या राखणदाराशी, काहीतरी बोललात. परत येऊन त्याला पाट मांडलात आणि स्वतः दारात उभे राहिलात. आईला तर स्वर्ग हाती आला. लग्न झाल्यापासून तुम्ही तिच्या भावाशी धड बोलला नव्हता, आणि आज आग्रह करत होता! "अगं, वाढ त्याला. भाकरी अजून एक घे रे. पिठलं घे. संकोच कसला, बहिणीचं घर आहे." मामा म्हणतो, दाजी, पोट भरलं. तुम्ही म्हणता, "माझ्या हातची एक." तुमच्या हातची! तुम्ही आयुष्यात कुणाला पाणी वाढलं नव्हतंत. आई घाईघाईनं पुन्हा पीठ मळते आणि हसत मला म्हणते, "बघ, तुझा बाप कसा आज."

ती शेवटची भाकरी तव्यावर असतानाच ठाण्यावरचे शिपाई आले. मामाच्या हातात अर्धा घास होता. तो तुमच्याकडे बघत नव्हता, आबा. आईकडे बघत होता. तिला हे माहीत होतं असं वाटलं त्याला. नदीपलीकडे नेऊन दिला, आणि पुढं तुरुंगात तापानं गेला. आईला त्याला सांगताच आलं नाही की मला ठाऊक नव्हतं म्हणून.

तुम्ही रात्री एवढंच म्हणालात, "कायदा आहे. मी नसता दिला तर दुसऱ्यानं दिला असता." असेलही. मरेपर्यंत तुम्हाला वेळेवर गरम वाढलं आईनं, पण दर जेवणाला एकदाच. अजून हवं का, हे पुन्हा म्हणून विचारलं नाही. तुम्ही रिकाम्या ताटाकडे बघत बसायचात आणि मागायला जीभ उचलायची नाही. पाटील ना तुम्ही. मी ते बघायचे आणि मला बरं वाटायचं. अजून वाटतं.

मीही कुणाला आग्रह केला नाही. सासरी मला कंजूष म्हणायचे. इथं मात्र माझं छान जमतं. माणूस एकदा 'नाइन, डांके', म्हणजे नको, म्हणाला की भांडं मागं घ्यायचं, कुणाला राग नाही. हा देश मला थंडीपेक्षा जास्त त्यासाठी आवडला.

हे सगळं सांगून झाल्यावर मी नातीला विचारलं, "तुझ्या त्या कायद्यात लिहिलंय का गं, की माणसाला भाकरीचा आग्रह करून बसवून ठेवावा?"

ती म्हणाली, "नाही, आजी. तसं कलम नाही."

"गेनाऊ," मी म्हटलं. 'अगदी बरोबर' असं म्हणायचा हा एक शब्द मी तिच्याकडून शिकलेय. म्हणजे ते कलम तुमचं, आबा. इंग्रजांचं नव्हे, राजाचं नव्हे. बाकीचं त्यांच्या नावावर टाका, ती भाकरी तुमची.

"काढू का ती ओळ?" तिनं विचारलं. "काढ," मी म्हटलं. "मग तुझ्या मामांना अर्पण करू?" मी म्हटलं, नको, त्याला आणखी काही घ्यायला लावू नकोस. पान कोरं राहू दे.

काढली तिनं. माझ्यासमोर.

आता विचारतेय, आजी, हे पत्र कुठं ठेवू? राहू दे तिथंच यंत्रात. तुम्हाला पाठवायचं तर नदीत सोडावं लागेल, आणि इथली नदी तुमच्याकडे जात नाही.

फक्त एक सांगते, तेही तिनं लिहावंच असा माझा हट्ट आहे. आज दुपारी पोरगी दोन घास खाऊन उठायला लागली, डोळे खोल गेलेले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून एक घे. माझ्या हातची." आवाज तुमचा होता. तिनं घेतली. ती खाऊन होईपर्यंत मी दाराकडे बघत बसले होते.