पाय माझ्याकडे होते

बाई, तो सिनेमा परत आलाय. गेल्या रविवारी आमच्या गडचांदूरच्या कॉलनीतल्या महिला मंडळानं सभागृहात पडदा लावून दाखवला. आपण पाहिला तेव्हाच तो जुना होता. नाचणारी मुलगी, तिचा ढोलकीवाला, मधली ताटातूट आणि शेवटी घाटाच्या ओल्या पायऱ्यांवरचा तो नाच. गोष्ट म्हणाल तर चिंचोक्याएवढी. तरी बायका घरून रुमाल घेऊन आल्या होत्या. माझ्या शेजारची तर सकाळीच सुनेला घालूनपाडून बोलून आली होती, आणि इथं त्या नाचणारीसाठी हुंदके देत होती. मला अशा रडण्याचा संशयच येतो. इतकी वर्षं लोक याला काय भुलतात ते आज पकडायचंच, असं ठरवून मी दर वेळी बसते आणि दर वेळी माझी नजर खाली जाते, पायांवर. ही खोड तुम्ही लावलेली. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, म्हणून हे कागदावर.

मी नववीत होते, भद्रावतीला. तुम्ही आम्हाला मराठी शिकवायच्या आणि जानेवारीतलं स्नेहसंमेलन तुमच्याकडे असायचं. शिकवताना तुम्ही कधी हसायच्या नाहीत, पण नाच बसवायला लागलात की तुमचं वय कमी व्हायचं. ते ऐंशी सालानंतरचे दिवस. सिनेमातला नाच हवा असेल तर थेटरात जाऊन डोळ्यांत भरून आणायचा. एकटीच्या डोळ्यांत तो मावत नाही, म्हणून तुम्ही वाटून द्यायच्या. एसटीनं चंद्रपूर, मॅटिनी, आम्ही तिघी मुली. फॅक्टरीच्या कॉलनीतल्या साहेबांच्या मुलीला चेहरा, माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला हात आणि मला पाय. तुम्ही स्वतः डोळे मिटून बोटांच्या पेरांवर ठेका मोजत बसणार. वर्गात तुम्ही पुस्तकातलं बोलायच्या, एसटीत बसलं की आपलं.

"तू फक्त पायच पाहाचे. तोंडाकडे पाहाचं नाई, समजलं?"

"मलेच पाय काऊन, बाई?"

"मी सांगून राह्यली म्हणून."

झालं. ते उत्तर माझ्या पोटात गेलं ते बाहेर आलंच नाही. आमचं घर बौद्ध, वडील कोळशाच्या खाणीत. वस्तीतल्या शिकलेल्या माणसांनी आम्हा पोरांना बजावून ठेवलं होतं की कोण आपल्याला कुठं बसवतं ते नीट पाहत जा. चेहरा साहेबांच्या पोरीला आणि पाय मला. मी नीट पाहिलं.

दुसऱ्या रविवारी आपण पुन्हा गेलो. थेटरात खुर्च्यांचा कुबट वास, मागून शिट्ट्या, आणि मी आपली पायांना चिकटून. शेवटच्या नाचात पाय पडदाभर होतात. तेव्हा मला दिसतं, की हे पाय तिचे नाहीत. आधी ती अनवाणी चालत येते तेव्हाचे पाय निमुळते, मऊ. हे रुंद आहेत, टाचांना भेगा, आलता लावूनही न लपणाऱ्या. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, चिखलात उभं राहून, माझ्या आईच्या टाचा अशाच व्हायच्या. चेहरा एकीचा आणि नाच दुसरीचा. परतीच्या एसटीत मी तुम्हाला सांगितलं.

"तुले सगळ्यातच खोट दिसते व," तुम्ही म्हणालात. मग खिडकीबाहेर पाहत, "असतीन दुसरीचे. पण ते नाचली तं खरंच ना."

मैत्रीण झोपली होती, साहेबांची मुलगी आरशात पाहिल्यासारखी काचेत पाहून भुवया उडवत होती. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. सिनेमात जे केलं तेच आमच्या शाळेत होणार. आणि सोमवारी तुम्ही सगळ्यांसमोर सांगितलंच, "समोर ते राह्यन, तिचा चेहरा बोलते. तू तिले पाय शिकव अन् मागच्या ओळीत उभी राह्य." मला तो नाच समोर उभं राहून करायचा होता, बाई. दुसरं काही नको होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईले विचार ना मंग सरळ." मी विचारलं नाही. सरळ उत्तर मिळेल यावर माझा विश्वासच नव्हता.

तीन आठवडे मी साहेबांच्या मुलीला शिकवलं. ती वाईट नव्हती, हे आज लिहिताना बरं वाटत नाही. मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातलं मला द्यायची. हीसुद्धा कशासाठी देते, असं मला वाटायचं. संमेलनाच्या संध्याकाळी दुसऱ्या गिरकीला ती पडली, घुंगरांसकट, तोंडावर. पहिल्या रांगेत तिचे वडील. मागच्या पोरांनी अशी हुर्यो उडवली की ढोलकी थांबली. मुख्याध्यापकांनी तुम्हाला आमच्या देखत झाडलं, आणि तुम्ही म्हणालात, "पायाची चाल मीच चुकीची सांगतली, सर. पोरींची चूक नाई." पुढच्या वर्षी संमेलन तुमच्याकडे राहिलं नाही. मुलींनी लेझीम केलं. तुम्ही स्टाफरूममध्ये खिडकी लावून वह्या तपासत बसला होतात. मी दारावरून दोनदा गेले. मी त्या शाळेत होते तोवर तुम्ही पुन्हा नाच बसवला नाही.

आता मी स्वतः मास्तरीण आहे. परीक्षेत कॉपी पकडण्यात माझा हात कोणी धरत नाही. हातवाली मैत्रीण मध्यंतरी एका लग्नात भेटली. म्हणाली, "बाई मले सांगे, पाय त्या पोरीले द्याचे जिचा कशावरच भरोसा नाई. बाकीच्या पोरी तोंड पाहूनच वाहून जातेत." म्हणजे पाय हे मोठं काम होतं, तुमच्या लेखी. का ही मला बरं वाटावं म्हणून रचून सांगत होती? ती लहानपणापासून गोडबोली. शिवाय समोर उभं करताना तुम्ही साहेबांच्या मुलीलाच केलंत, मला नाही, ते का, हे यातून कळतच नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी चांगलं वाक्य घालायला कोणाचं काय जातं. मी अजून ठरवू शकलेले नाही.

तुम्ही मला एकदाच विचारलंत. संमेलनानंतरच्या आठवड्यात, पाण्याच्या टाकीजवळ, आसपास कोणी नव्हतं. "खरं सांग. थेटरात पाय तुले बरोबर दिसले होते ना?"

"अंधार होता, बाई."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि तासाला गेलात.

हे पत्र कुठं जाणार नाही. गडचिरोलीकडं तुमच्या गावी घरचं कोणी आहे का, याची मी चौकशीही केलेली नाही. करावीशी वाटत नाही. तालमीत ती गिरकी बरोबर होती. संमेलनाच्या दुपारी मी साहेबांच्या मुलीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मला आत्ता आठवलं, दुसरी गिरकी डाव्या नाही, उजव्या टाचेवर आहे. पाय माझ्याकडे होते, म्हणून तिनं उलट एक शब्द विचारला नाही. तुम्ही विंगेत उभ्या होतात, तुम्हाला दोन्ही ओळी दिसत होत्या. मागच्या ओळीत मी डाव्याच टाचेवर फिरले, आणि पडले नाही.