पुलाअलीकडची लाल रेघ

दि. ४ मार्च

चि. खारूताईस आजीचे पोटभर आशीर्वाद, वि. वि.

तर लग्नाचं बोलायला सगळ्यात आधी आली ती तुझ्या होणाऱ्या नवऱ्याची आजी. तुझा तो अजून गाडी लावायला जागा शोधतोय आणि ही काठी टेकत थेट माझ्या स्वयंपाकघरात. मागून त्याचे वडील, लिफ्ट दुरुस्त करतात ते. चहा उकळेपर्यंत त्यांनी आपल्या दाराची करकर बंद करून टाकली. माणसं सोन्यासारखी आहेत. खोट काढायचा मी प्रयत्न केला, निघाली नाही.

बाहेरून येणाऱ्या कमाईतून बाहेर जाणारी वजा करून तू दोन देशांच्या तीस वर्षांच्या रेघा काढल्यास ना, त्या मी टेबलक्लॉथवर भरल्या. आपली लाल, सीमेवरच्या पुलापलीकडच्यांची हिरवी. त्यांची खालून वर चढलेली. आपली आधी वर, मग बाहेरच्यांचे कारखाने आले, नफा त्यांच्या घरी जायला लागला, तशी खाली. शेवटी लाल दोरा संपला, म्हणून आपली शेवटची दोन वर्षंही हिरव्यानेच उरकली. म्हटलं, कोण बघतंय. त्या आजीने बघितलं. चष्मा पुसून म्हणाली, विहीणबाई, तुमची रेघ आमच्या रंगात आलीच आहे, आता नातही पाठवा. सगळे हसले. मीही हसले, पण हळूच त्या हिरव्या टोकावर बशी सरकवली.

तुमच्यासाठी त्यांच्या घरची वरची खोली रंगवून ठेवली आहे म्हणे. लग्नानंतर तू पुलाच्या कुठल्या बाजूला राहणार, एवढं कळव. मी मध्ये बोलणार नाही. पण मग तुझी कमाई कोणत्या रेघेत जाईल?

गुडघा बरा आहे. विचारलं नाहीस, तरी सांगते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी आजी

दि. ११ मार्च

ती. आजीस साष्टांग नमस्कार, वि. वि.

काम कुठे केलं हे नाही, घर कुठे आहे ते बघून कमाई मोजतात. त्याचे वडील रोज आपल्या बाजूच्या लिफ्ट दुरुस्त करतात, पण घर पलीकडे, म्हणून त्यांचा पगार हिरव्या रेघेत. आणि आपली रेघ खाली गेली म्हणून तोंड पाडू नकोस. कारखान्यांचा नफा बाहेर जातो, कामगारांचे पगार तर इथेच राहतात.

आता बसून वाच. मला तुझ्या घरामागच्या कॉलेजात नोकरी लागली. तो म्हणतो, तुझ्या माडीवर राहू, मी रोज पूल ओलांडून प्रयोगशाळेत जाईन. म्हणजे पलीकडचा एक पगार आपल्या रेघेत. पण ती खोली त्याच्या आजीने स्वतः उभं राहून रंगवून घेतली आहे. तिला दुखवून मला घर मांडायचं नाही. ती हो म्हणाली तरच. तू विचारशील? जरा गोड बोल.

गुडघ्याला शेक देतेस ना? बघ, विचारलं.

तुझी लाडकी,
खारूताई

दि. १९ मार्च

चि. खारूताईस ओंजळभर आशीर्वाद, वि. वि.

गोड बोलणं मला जमलं नाही. पूल ओलांडून त्याच्या आजीकडे गेले आणि उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ चहात चमचा फिरवत बसली. साखर कधीच विरघळली होती. मग म्हणाली, म्हणजे माझा नातू तुमच्या रेघेत? मी म्हटलं, रेघेत आमच्या, दर रविवारी जेवायला तुमच्याकडे.

मग उठली, शिवणाच्या डब्यातून लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि माझ्या हातात कोंबलं. म्हणाली, आधी ते हिरवं उसवा, उगाच आमच्या नावावर खपवू नका. आणि पोराच्या पगाराचा टाका वर घ्या, पण एकच, जास्त चढवू नका.

रंगवलेली खोली वाया जाणार नाही. महिन्यातून चार दिवस मी तिथे राहायचं, असा हुकूम झाला आहे. मी विचारलं, मग मी कोणत्या रेघेत? तर म्हणाली, तुम्ही कमावता काय? कोणत्याच नाही, निवांत या.

लवकर ये, माडी झाडायची आहे.
तुझी आजी

ता. क. उसवायला ती स्वतः येणार आहे. लिफ्टवाले खिडकीची कडी बघायला येतील. शुक्रवारी येतो म्हणालेत.