सदोष गणकयंत्र दुरुस्त न करता वर्गात राहू देण्याबाबत

मु. चिंचटेक, ता. पाथर्डी,
जि. अहमदनगर
दि. ३ सप्टेंबर १९७१

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय

अर्जदार : राधाकृष्ण कारभारी दहातोंडे, वय ६८, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, हल्ली धंदा वाचन व थोडी शेती.

विषय : महिला साक्षरता वर्गास मिळालेले जुने, सदोष गणकयंत्र वापरावे की वापरू नये याबाबत, वापरावे असे ठरल्यास ते दुरुस्त न करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र : "यंत्र चालू आहे की निकामी, ते एका शब्दात कळवावे. निकामी असल्यास कारागीर पाठवू अथवा मोडीत काढू."

महोदय,

अर्जदाराने एका शब्दात उत्तर देण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला. प्रथम 'चालू' असे लिहून खोडले, मग 'निकामी' असे लिहून तेही खोडले. दोन्ही शब्द खोटे वाटल्यामुळे नाइलाजाने हा अर्ज सादर करीत आहे. लांबीबद्दल क्षमा असावी.

१. सदर यंत्र एका साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून मोडीत निघून आपल्यामार्फत आमच्या वर्गास मिळाले. आकड्यांच्या खुंट्या लावून बाजूची दांडी फिरवली की बेरीज खिडकीत दिसते, अशी त्याची रचना आहे. आले तेव्हा मात्र दांडी गंजून जाम होती. यंत्र घेऊन आलेल्या जीपच्या चालकाने दोन्ही हातांनी जोर केला, तरी ती हलली नाही.

२. यंत्र आले तो शनिवार होता. शनिवारी लोखंड घरात घेऊ नये, अशी आमच्याकडे रीत आहे. शाळा म्हणजे घर नव्हे, असे अर्जदाराचे मत होते. परंतु ते मोठ्याने सांगण्याचा त्याला धीर झाला नाही. म्हणून यंत्र एक रात्र मारुतीच्या पारावर ठेवले. यंत्र काळे, चौकोनी, आणि त्यात शनिवार. मारुतीला तेल घालायला आलेल्या पहिल्या बाईने वाटीतले उरलेले तेल त्यालाही घातले, आणि मागच्यांनी पुढचीचे पाहून. रविवारी आत नेताना पाहतो, तर दांडी एका बोटाने फिरू लागली. ही विनापरवाना दुरुस्ती ठरते काय, आणि ठरल्यास ती कोणाच्या नावे दाखवावी, याचा उलगडा अर्जदारास अद्याप झालेला नाही.

३. दांडी फिरते, परंतु आतल्या एका चाकाचा दात झिजला आहे. त्यामुळे शतकाचा हातचा हजाराच्या घरात कधी जातो, कधी जात नाही. केव्हा जाईल आणि केव्हा नाही, हे यंत्रालाही सांगता येत नसावे.

४. आता वर्गाविषयी. वर्गात येणाऱ्या बहुतेक बाया दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. कारखान्याच्या काट्यावर आपल्या गाडीची वजने आपणच जुळवता यावीत, एवढ्याचसाठी त्या शेतातून आल्यावर, चुलीपुढे बसण्याआधी घटकाभर येतात. पण यंत्र येण्यापूर्वी वर्ग चालत होता असे म्हणणे अवघड आहे. अर्जदार फळ्यावर काहीही लिहो, सगळ्या जणी "व्हय गुरुजी" म्हणत. एकदा पारख म्हणून त्याने आठ आणि सात अठरा असे लिहिले. "व्हय गुरुजी!" त्यांना बेरीज येत नाही, की आपल्यालाच शिकवता येत नाही, या विचाराने अर्जदाराचे वाचनातही लक्ष लागेना.

५. मग यंत्र आले. लंकाबाईने साडेसातशेत चारशे मिळवून दांडी फिरवली. खिडकीत दीडशे आले.

"अगं बया!" लंकाबाई म्हणाली. "साडेसातशात चारशे घातलं, आन निघालं दीडशे? बाकीचं ह्याच्या पोटात गेलं का काय?"

"हातचा गिळला मेल्यानं," रंगुबाई म्हणाली. "अकराशे पन्नास पायजेल."

महोदय, हातचा हा शब्द अर्जदाराने या वर्गात महिनाभर शिकवला होता. तो कोणाच्या कानात शिरला असेल, अशी त्यास तोवर शंकासुद्धा आली नव्हती. त्या दिवसापासून एकीने दांडी फिरवायची आणि बाकीच्यांनी आधीच मनात बेरीज करून यंत्राला पकडायचे, असा परिपाठ पडला आहे. यंत्र चुकले की वर्गात जो कल्ला होतो, त्याबद्दल शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तक्रार केली आहे.

६. अर्जदाराने भीत भीत विचारले, की माझी चूक तुम्हाला दिसली नव्हती काय? रंगुबाई म्हणाली, "दिसली की. पर तुमी वडीलधारं मानूस. तुमाला चुकलं कसं म्हनावं? जिभंला फोड येतील. ह्याला दटावायला काय भ्या? ह्यो काय कुनाचा सासरा हाय?"

७. सबब अर्जदाराचे म्हणणे असे की, यंत्र दुरुस्त झाले तर ते नेहमी बरोबर सांगेल, आणि बाया त्यालाही "व्हय" म्हणू लागतील. काट्यावरचा बाबूही खुर्चीवरच बसतो. खुर्चीवरच्या माणसाला 'चुकलं' म्हणायची सवय कुठेतरी लागली पाहिजे. तरी कारागीर पाठवू नये. कारागीर निघालाच असल्यास, दुरुस्तीनंतर यंत्र पूर्वीइतकेच बिघडवून देण्याची त्यास लेखी ताकीद असावी. त्याहून जास्त बिघडवू नये. कारण सदैव चुकणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही.

अर्थात बिघडलेल्या यंत्राने शिकवणे योग्य की अयोग्य, याबद्दल अर्जदाराचे मन स्वच्छ नाही. घरातील सर्व पुस्तके चाळली. कशातही आधार सापडला नाही.

८. येथवर लिहून अर्जदार काल वर्गास गेला. आपला निर्णय होईपर्यंत यंत्र वापरू नये, म्हणून ते गोणपाटात बांधून ठेवले आहे. सबब फळ्यावर दोन गाड्यांची वजने मांडली : १८७५ आणि १६४०. डोक्यात हा अर्ज घोळत होता. बेरीज लिहिली ३४१५.

कोणी "व्हय" म्हणेना. अर्जदाराला वाटले, कोणाच्या घरी काही झाले असावे. मग लंकाबाईने पदर पुढे ओढला आणि जमिनीकडे पाहत म्हटले, "गुरुजी, रागावू नगा. चुकलं तुमचं. हातचा इसरला तुमी. पस्तीसशे पंधरा हाय."

"ह्यांचा बी दात झिजला जनू!" रंगुबाई म्हणाली, आणि वर्ग असा हसला की गिरणीवाला स्वतः दारात येऊन उभा राहिला. अर्जदारही हसला. मग फळा पुसून त्याने ३५१५ लिहिले.

९. ही घटना अर्जदाराच्या विनंतीच्या विरोधात जाते, याची त्यास जाणीव आहे. परंतु ती आपल्यापासून लपवणे बरे नव्हे. बाया आता यंत्रावाचूनही माणसाची चूक काढू शकतात. वर्गात चुका करण्याचे काम यापुढे आपण एकटे पार पाडू शकू, असा विश्वास अर्जदारास आयुष्यात प्रथमच वाटत आहे. तथापि वयोमान पाहता, सोबतीला यंत्र असू द्यावे, ही विनंती.

उत्तर एका शब्दात आले तरी चालेल.

आपला नम्र व बराचसा निर्धास्त,
राधाकृष्ण कारभारी दहातोंडे

सोबत : वर्गातील सर्व बायांच्या सह्या. अंगठा एकही नाही.