ड जीवनसत्त्व भरपूर, तरीही

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (जेवढं वाकवतं तेवढाच वाकलो आहे, गोड मानून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? आमचं विचारू नकोस. नाही विचारलंस तरी सांगतोच.

थकवा थकवा करतोस तर ड जीवनसत्त्व तपासून घे, असं फोनवर म्हणून तू मोकळी झालीस. इथे तुझ्या भावजयीने दुसऱ्याच दिवशी मला उपाशीपोटी लॅबमध्ये उभं केलं. (उपाशी राहायची गरज नव्हती, हे रक्त काढणाऱ्या मुलीने सुई टोचून झाल्यावर सांगितलं.) रिपोर्ट आला : कमी. अगं, मी मोजणीदार! लोकांच्या जमिनी मोजता मोजता उन्हाने माझ्या कातडीचं चामडं झालं, आणि कमी मलाच? आमच्या कचेरीतला जुनी दप्तरं सांभाळणारा कोठीवाला बिनखिडकीच्या खोलीत बसतो, त्याचं भरपूर. रिपोर्ट खिशात घालून हिंडतो मेला.

तरी खरं सांगू? मला बरंच वाटलं. दुखण्याला नाव मिळालं. तोंड का उतरलंय असं कुणी विचारलं की मी रुबाबात म्हणायचो, ‘ड’. डॉक्टरीणबाईंनी आठवड्याला एक गोळी सांगितली होती, मी रोज एक घेतली. (लवकर बरं व्हायचं होतं.) बरा तर झालो नाहीच, वर मळमळ सुरू होऊन अन्नावरची वासना उडाली. बाईंनी माझी खरडपट्टी काढली, गोळ्या बंद केल्या आणि पुन्हा रक्त घेतलं. आता ड इतकं आहे की शेजारीपाजारी वाटावं. सकाळी मात्र अजूनही उठवत नाही.

बाई म्हणाल्या, “मुळात हे तपासायला सांगितलं कुणी?” (तुझं नाव घेतलं नाही.) “थोडं कमी पुष्कळांचं असतं हो. प्रत्येक थकवा त्यानेच येतो असं नाही. उठवत नाही, हे कधीपासून?”

मी म्हटलं, मुलगी नोकरीला दूर गेली तेव्हापासून.

त्यावर बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला.

ताई, कमी होतं तेच बरं होतं गं. निदान गोळीची आशा होती. आता रिपोर्ट चांगला आणि मी हा असा.

तुझा,
धाकटा

ता. क. चार दिवस येऊन जातेस का? घरात भांडायला कुणी उरलं नाही.

ता. क. (हे अक्षर माझं.) वन्सं, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ह्यांना सांगू नका, मीही गुपचूप तपासून घेतलं होतं. माझं सगळं उत्तम निघालं. तेव्हा चार दिवसांनी भागायचं नाही, महिन्याभराचे कपडे घेऊन या.